फेब्रुवारीतला तो रविवार

आमच्या घरी २२ फेब्रुवारीच्या जवळचा रविवार आला की आदल्या रात्रीच चिखलाचे बूट दाराशी काढून ठेवतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एन्डक्लिफ पार्कमध्ये कॅफेमागे झाडीचा चढ आहे, तिथल्या स्मारकाच्या दगडाशी जमायचं असतं. पहिल्या वर्षी मी चुकून पोचले. लेकीला बदकांना दाणे घालायचे होते, आणि पाहते तर छातीवर पदकं लावलेले म्हातारे गृहस्थ काठ्या टेकत चढ चढताहेत. त्यांच्या मागोमाग गेलो.

१९४४ साली त्या चढावर अमेरिकेचं बी-१७ बॉम्बर कोसळलं. डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्गच्या विमानतळावर हल्ल्याला गेलं होतं, परतताना मोडकळीला आलेलं. दहाही जण गेले. वैमानिक जॉन क्रीग्सहाउजर २३ वर्षांचा. विमानाचं नाव ‘मी आमीगो’. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “तू कोण?” स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘माझा मित्र’.

कार्यक्रम तसा छोटाच. प्रार्थना, लाल कागदी पॉपीची पुष्पचक्रं, बिगुल, झेंडे खाली. दोन मिनिटांच्या स्तब्धतेत कुणाचं तरी कुत्रं हमखास भुंकतं आणि मालकिणीचा चेहरा बघण्यासारखा होतो. नावं वाचताना मी हर्नांडेझ, अँब्रोसिओ, टटल अशी मनात म्हणत जाते. आता पाठच झालीत.

२०१९ ला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा सकाळी पावणेनऊला अमेरिकन आणि ब्रिटिश विमानं पार्कवरून गेली. १९४४ साली आठ वर्षांचे असलेले टोनी फौल्ड्स सांगतात, की आम्ही मुलं खाली होतो म्हणून वैमानिकाने मोकळ्या गवतावर विमान उतरवलं नाही. ते वर्षानुवर्षं हा दगड झाडून-पुसून ठेवत आले, त्यांच्या इच्छेखातर ही सलामी. हजारो माणसं, टीव्हीचे कॅमेरे. फौल्ड्सना रडताना पाहून मीही रडले, पण खरं सांगायचं तर मला आपला पन्नास-साठ माणसांचा रविवारच बरा वाटतो.

अशाच एका रविवारी, सगळं आटोपल्यावर, लेकीने एका आजोबांना विचारलं, टटल काय करायचा? विमानाच्या पोटाखाली काचेचा गोल असतो, त्यात बसून दोन मशीनगन चालवायचा, ते म्हणाले. जागा इतकी कमी, की पॅराशूटही बहुधा बाहेरच ठेवावं लागे.

“बसायचा कसा?”

आजोबांनी हाताने दाखवलं. ही नवा कोट घालून चिखलातच उकिडवी बसली, गुडघे छातीशी घेतले.

“असा?”

“अजून थोडं आवळून.”

तिने हनुवटी गुडघ्यांत घातली. आजोबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “ऊठ बाळ, गार लागेल.”