प्रेशर बार अडकला की हातोडी लांब ठेवा

आज दिवसभर इंडस्ट्रियल लॉकस्टिच शिलाई मशीनचा प्रेशर बार, म्हणजे कापड दाबणारा फूट ज्याच्या खालच्या टोकाला बसतो तो दांडा, हातात होता. फूट वर गेला की वरच अडकायचा. अशा वेळी बारला खाली दाबणारी स्प्रिंग बदलायची घाई करू नये.

मेन स्विच बंद, सुई आणि फूट काढा, डावीकडची फेस प्लेट उघडा. खोलण्याआधी वरच्या प्रेशर स्क्रूचे किती आटे बाहेर आहेत ते मोजा आणि बारवर ब्रॅकेटच्या (बारला स्क्रूने पकडणारा तुकडा) कडेला बारीक खूण करा. ही खूण फार मोलाची. मग हँड लिफ्टर (फूट उचलायचा हाताचा खटका) खाली घ्या म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी होतो. लॉकनट सैल करून स्क्रू हळूहळू काढा, घाई केली तर स्प्रिंग उसळते. ब्रॅकेटचा स्क्रू ढिला केला की बार वर ओढून निघतो.

बहुतेकदा बुशमध्ये (बार ज्यातून वर-खाली सरकतो ती नळी) सुकलेलं तेल आणि धाग्याचा भुसा काळ्या डिंकासारखा चिकटलेला असतो. रॉकेलने धुवा. ब्रॅकेटच्या स्क्रूने बारवर उठलेली खरड बारीक ऑइलस्टोनने काढा, पॉलिश पेपरने जास्त घासलात तर बार बुशमध्ये खेळतो.

बसवताना फूट खाली, सुई फुटाच्या खाचेच्या मधोमध. ब्रॅकेट जरा जरी फिरलं तर सुई फुटावर आपटून तुटते.