भिंत, पऱ्हाटी आणि ३१ डिसेंबर

२२ ऑगस्ट २०२५, पोळा

यंदा पोळ्यात बैलांपुढे म्हणायच्या झडत्यांना, म्हणजे टोमणेवजा चार ओळींना, विषय शोधावा लागला नाही. तोरणाखाली बैल पुरते उभेही झाले नव्हते, तोच मागून कोणीतरी सुरू केलं:

गाठी रे गाठी, रुईच्या गाठी
इदेशी कापूस लागला आमच्या पाठी
हमीभावाची पाटी दिसते भल्ली मोठी
बजारात गेलो त हाती आली काठी
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

हसू पिकलं. मानाच्या जोडीजवळ सत्ताधारी पक्षाचे तालुक्याचे पदाधिकारी फेटा बांधून उभे होते, तेही हसले. पोळ्यात कोणी रागवायचं नाही, ही आपल्याकडची जुनी सोय. याच्या निम्मं जरी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं असतं तरी संध्याकाळपर्यंत दोघंतिघं गट सोडून गेले असते.

बातमी ताजीच आहे. १८ तारखेला अधिसूचना निघाली आणि १९ पासून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क उठलं, ३० सप्टेंबरपर्यंत. हे ११ टक्के २०२१ च्या अर्थसंकल्पातले: ५ टक्के सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधांच्या नावाचा उपकर, आणि या दोन्हींवरचा अधिभार मिळून १ टक्का. म्हणजे शेतीच्या नावानं लावलेला उपकरही शेतीला न विचारता गेला. आणि त्याच्या तीनच दिवस आधी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं होतं की शेतकरी, मच्छीमार, पशुपालक यांच्या वाईटावर येणाऱ्या कोणत्याही धोरणापुढे आपण भिंतीसारखे उभे आहोत. शाळेतलं झेंडावंदन आटोपून येऊन मी ते भाषण ऐकलं होतं. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पानठेल्यावर आज त्याच भिंतीची चर्चा. एक जण खर्रा घोटता घोटता म्हणाला, "भित हाये ना बापा. पन दार मांगच्या बाजूनं हाये."

शेजारच्या काकांनी सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेच्याआधीच्या पूजेचा, हिशेब सांगून समजूत काढली. "३० सप्टेंबर म्हनजे सीतादहीच्या आंधीच झालं. आपला कापूस घरी येईस्तोवर दार बंद होते. कायले डोकं खपवता?"

काका साठीच्या पुढचे, सरकारच्या एकाधिकार खरेदीच्या काळापासून कापूस विकत आलेले. त्यांचं ऐकावंसं वाटतं.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले आणि कालच अमेरिकेचा ५० टक्के आयातकर लागू झाला. आज कापसाची शुल्कमाफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. काकांचं गणित आठवडाभरही टिकलं नाही.

आमच्याकडचा कापूस बहुतेक कोरडवाहू. मिरगात बी टोबायचं, दसऱ्याच्या आगेमागे वावरात सीतादही करून पहिल्या वेच्याला हात लावायचा, त्यातून दिवाळी काढायची. कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते, म्हणून डिसेंबर सरता सरता लहान कास्तकाराच्या घरातला बराचसा कापूस गेलेला असतो. मार्चपर्यंत घर भरून ठेवणारे गावात थोडे. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर हे नेमके ते महिने, ज्यात आमच्यासारखे विकतात. तारीख ठरवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं वाटत नाही. आणि खरंच ठाऊक नसेल, तर ते आणखी वाईट.

गिरण्यांची बाजू मी वाचली आहे. तिरुपूरचे कपडे अमेरिकेत जातात. तिथे ५० टक्के कर लागला तर ऑर्डरी बांगलादेश आणि व्हिएतनामकडे वळणार. ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलियाची रुई इथल्यापेक्षा स्वस्त पडते, ती तरी विनाशुल्क येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. चूक नाही ते. शिवणयंत्रावर बसणारी पोरगीही कोणत्या तरी कोरडवाहू घरातलीच असते. माझं भांडण आयातीशी नाहीच. तारखेशी आहे.

२८ मे रोजी मंत्रिमंडळानं खरिपाचे हमीभाव जाहीर केले. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१०. आदल्या वर्षापेक्षा ५८९ रुपये जास्त. माझ्या धाकट्या भावानं तो आकडा पाहून रस्त्याकडच्या तुकड्यात सोयाबीनऐवजी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावली. सोयाबीनचा हमीभाव गेल्या हंगामात ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली विकावं लागलं होतं, त्यामुळे त्याचा विचार चुकला असं कोण म्हणेल? सरकारनं सांगितलेल्या आकड्यावरच तर त्यानं पेरलं. आता पऱ्हाटीला पात्या-फुलं आली आणि सरकारनं बाकीचा हिशेब बदलला. गिरणीवाला सौदा लांबवू शकतो, व्यापारी आठ दिवस खरेदी थांबवू शकतो, दिल्ली एका कागदानं मुदत वाढवू शकते. कास्तकाराला निर्णयाची संधी वर्षातून एकदा, मिरगात. नंतर फक्त फवारे मारायचे.

हे याच सरकारनं सुरू केलं असंही नाही. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात अचानक बंद झाली तेव्हा दिल्लीत यूपीए होती, आणि कृषिमंत्री असलेल्या शरद पवारांनीच त्यावर उघड नाराजी दाखवली होती. १४ एप्रिल २०२२ ला याच सरकारनं आयातशुल्क उठवलं होतं, पण त्या वेळी भाव १०,००० च्या वर होता आणि गावातल्या बहुतेकांचा माल विकून झालेला. कोणी फारसं कुरकुरलं नाही. गेल्या हंगामात मात्र खुल्या बाजारातला भाव बराच काळ हमीभावाच्या खालीच होता, आणि तरी यंदा ही मेहेरबानी. शुल्क उठल्याबरोबर सीसीआयनंही (हमीभावानं कापूस घेणारं केंद्राचं कापूस महामंडळ) आपल्याकडच्या गाठींचा विक्रीदर उतरवला. बाजाराला जो निरोप जायचा तो गेला.

"सीसीआय हमीभावानं घेणारच आहे, मग तुमचं काय बिघडलं?" असं विचारणारे शहरातले नातेवाईक मला आहेत. त्यांना एकदा दिवाळीतला वेचा दाखवायला पाहिजे. रात्री दव, सकाळी ओला कापूस. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. भाड्याची गाडी परत आणणं कोणाला परवडतं? तो कापूस गावातच येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो आणि तिथला भाव बाहेरच्या रुईकडे पाहूनच निघतो.

मागणी छोटी आहे. ज्या दिवशी हमीभाव जाहीर करता, त्याच दिवशी त्या हंगामाची आयात-निर्यातही जाहीर करा, आणि पुढच्या मिरगापर्यंत हात लावू नका. गिरण्या वाचवायच्या असतील तर तिजोरीतून वाचवा, माझ्या भावाच्या तुकड्यातून नको.

३० ऑगस्ट

उद्या महालक्ष्म्या येणार. घरात सोळा भाज्यांची जुळवाजुळव, आंबिलीचं पीठ, मुखवटे पुसणं. टीव्हीवर कालपासून फक्त आझाद मैदान. मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेत, पावसात भिजणारी पोरं दिसतात. आमच्याकडे कुणबी आधीपासून ओबीसीत, त्यामुळे गावात या प्रश्नावर आवाज जपूनच काढतात. मला एवढंच दिसतं की त्या गर्दीत नोकरी मागणाऱ्या पोराच्या बापाकडेही सातबारा असेल. कापसाची ३१ डिसेंबर मात्र त्या पडद्यावर खालच्या पट्टीत एकदा सरकून गेली.

कर्जमाफीचंही तारखेनंच वाटोळं केलं. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीनं आश्वासन दिलं, म्हणून लोकांनी हप्ते थांबवले. २८ मार्चला अजित पवारांनी बारामतीत सांगितलं की ३१ मार्चच्या आत पैसे भरा. तीन दिवसांत! जूनमध्ये बच्चू कडू कर्जमाफीसाठी गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले तेव्हा पेरण्या तोंडावर होत्या. थांबलेले लोक थकबाकीदार झाले, थकबाकीदाराला बँक नवं पीककर्ज देत नाही, मग बियाणं आलं उधारीवर आणि उधारीचं व्याज कोणत्याच माफीत बसत नाही. माफी द्या किंवा देऊ नका, मी दोन्ही ऐकायला तयार आहे. पण फेब्रुवारीत सांगा.

बायको म्हणते, "सणाच्या दिवशी तरी तो पेपर ठेवा." ठेवला.

४ सप्टेंबर

सीसीआयला कापूस द्यायचा तर यंदा 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करायची. आधार, सातबारा, कापसाचा पेरा, सगळं त्यात. मुदत ३० सप्टेंबर. कल्पना चांगली आहे, असंच म्हणेन. पूर्वी व्यापारीच कास्तकाराच्या नावानं सीसीआयला माल घालायचे, त्याला थोडा तरी आळा बसेल. संध्याकाळी ओट्यावर तीन-चार जण मोबाईल घेऊन आले. कोणाचा आधारचा नंबर जुन्या सिमला जोडलेला, कोणाच्या सातबाऱ्यावर अजून मेलेल्या आजोबाचं नाव. पोरं भराभर भरतात, म्हातारे ओटीपी वाचून दाखवताना आकडे उलटे सांगतात, त्यावर हशा.

खोळंबा झाला तो ठेक्यानं वावर करणाऱ्यांचा. आमच्या शेजारच्या वहिनींनी नवरा गेल्यापासून दुसऱ्याची जमीन ठेक्यानं केली आहे. बी त्यांचं, खत त्यांचं, निंदणाची मजुरी त्यांची. सातबारा मालकाचा. मग नोंदणी मालकाच्या नावानं होणार आणि पैसेही मालकाच्या खात्यात पडणार. लाडकी बहीणचे १,५०० त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतात आणि त्यांनी पिकवलेल्या कापसाचे येऊ शकत नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, मलाच म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच लावा फोन. माझं आयकत नाई थे."

मालक पुण्याला असतात. फोन लावला. ई-पीक पाहणी, म्हणजे पेऱ्याची मोबाईलवरची नोंद, आधी करावी लागेल, संमतीचं लिहून द्यावं लागेल, असं सगळं समजावून सांगितलं. मागे ढोल वाजत होता, अर्धं त्यांना ऐकू गेलं नसावं. "विसर्जन होऊ द्या, मग निवांत बघू," म्हणाले. विसर्जन परवा आहे. ई-पीक पाहणीची मुदत १४ तारखेला संपते. सोमवारी परत लावतो.