सव्वा मूठ गहू

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. सोमवारी विसर्जन, आणि त्या दिवशी शाळेचा पट निम्म्यावर. सुरतेला, नाशिकला पोटासाठी गेलेली माणसं या एका सणाला घर गाठतात. तिथे पोरांनी शाळेत यावं अशी अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे. मंगळवारी सगळी येतात, जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात सातवीला मराठी शिकवते. त्या आठवड्यात वर्गात बहिणाबाई चौधरी चालू होत्या. असोद्याच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने टिपून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली ते छापता आलं. हे सांगितल्यावर मी पोरांना म्हटलं, तुमच्या घरात जे पिढ्यान्‌पिढ्या चालतं पण कुठे लिहिलेलं नाही, ते लिहून आणा. बहुतेकांनी कानबाईच लिहिली. ताजी होती ना!

एका मुलीचं पान मात्र वेगळं होतं. नारळाला डोळे, नथ लावून देवी कशी सजवली हे तिने दोन ओळींत उरकलं आणि थेट रोटांवर, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांवर आली. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायची आमच्याकडे चाल आहे. ते दळून रोट करायचे, घरच्यांनी नि भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. तिने लिहिलं होतं: ‘बाबांचे सव्वा मूठ. काकांचे सव्वा मूठ. दादाचे सव्वा मूठ. गहू संपले. मग मी निवडायला बसले.’

इतकंच. पुढे तक्रार नाही, प्रश्न नाही. मीही अधूनमधून लिहिते, रात्री ओटा आवरून झाल्यावर. पण मला हे इतक्या थोडक्यात जमलं नसतं. मी पान भित्तिपत्रकावर लावलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या मुलीची आजी फाटकातून तरातरा आत आली. मुख्याध्यापकांनी तिला पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काय ते समजले. रोटांची गोष्ट गावासमोर टांगली, आता भांडण होणार. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. परंपरेचा मान, मुलींचं शिक्षण, सगळं.

आजी भित्तिपत्रकासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. नातीला म्हणाली, वाच. नातीने खाली मान घालून वाचलं. ‘गहू संपले’ आलं तशी आजी माझ्याकडे वळली.

“बाई, पोरनं खोटं लिखेल शे. आमना घरमा कोठी भरेल शे. लोके काय म्हनतीन?”

मला क्षणभर कळेचना. मी जिथे मुलीचं नाव नाही म्हणून थांबले होते, तिथे आजीला आपल्या घरातली रिकामी कोठी दिसली होती. म्हातारीने दुष्काळ पाहिलेले. सणाच्या दिवशी घरातले गहू संपले असं गावाने वाचावं, यापरता दुसरा अपमान तिच्या लेखी नव्हता. मी तिला समजावलं, की पोरीला तसं नाही म्हणायचं; तिच्या नावाचे गहू कोणी काढले नाहीत, असं म्हणायचंय.

“तिचे तिच्या सासरी काढतील,” आजी सहज म्हणाली.

नात तोपर्यंत गप्प होती. “आजी, तुझे काढले होते का सासरी?”

मुख्याध्यापक खोकले. आजीने पदर सावरला नि म्हणाली, “मी मोजनारी शे. माले कोन मोजी?”

या उत्तरात ठसका आहे की दुखणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी देव मानते, कानबाईपुढे हात जोडताना मनात किंतु नसतो. पण देवी बाई, मोजणारी बाई, निवडणारी, दळणारी, थापणारी बाई, आणि हिशेब तेवढा पुरुषांचा, हे मला इतक्या वर्षांत असं समोर ठेवलेलं दिसलं नव्हतं. आजीचं समाधान मात्र झालं. तिच्या आज्ञेवरून पानाच्या तळाशी लाल स्केचपेनने एक ओळ वाढली: ‘आमच्या घरी गव्हाची कोठी भरलेली आहे.’ पान काढायचं नाही असं तीच मुख्याध्यापकांना बजावून गेली.

संध्याकाळी मी हे घरी रंगवून सांगितलं. सासूबाई हसल्या. माझी लेक नववीत आहे, ती हसली नाही. म्हणाली, “आई, मी आपल्या घरचं लिहू?” आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, “आधी मला दाखव.” दुसऱ्याच्या पोरीचं पान मी बेधडक भिंतीवर लावलं होतं. लेकीने भुवया उंचावल्या, तेवढंच.

सासूबाईंनी तोडगा काढला. “पुढच्या वर्षी हिच्याच हाताने मोजू.”

“मग मी माझ्या, आईच्या आणि तुझ्या नावाचेही काढणार,” लेक म्हणाली.

देवीचा कोप होईल, असं सासूबाई म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “तीन माणसांचे रोट वाढतील. पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात गं. खाणार कोण?”

“मी,” लेक म्हणाली.