डावी बाजू

ताटातलं सगळं संपलं, डावीकडची कोशिंबीर आणि चटणी तशीच. ताईने ताट फिरवलं, तर दाजी म्हणाले, "अरे, कोशिंबीरपण होती का!"

आणि लगेच, "गाडीची किल्ली दे, द्वारका चौकापर्यंत जाऊन येतो."

डोक्याला मार लागल्यापासून चालणं, बोलणं, हिशोब सगळं ठणठणीत. डोळेही चांगले. पण मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की कधीकधी डावीकडचं लक्षातच येत नाही. द्वारका चौकात डावीकडून रिक्षा कशा घुसतात, नाशिककरांना सांगायला नको.

लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट येणं, चक्कर येणं याबद्दल आपणच लिहून द्यायचं असतं. ज्याला आपलं काही सुटतंय हेच कळत नाही, तो काय लिहिणार?

ताईने किल्ली दिली नाही. दाजी रुसलेत. तुमच्या घरी असं 'नको' कोण म्हणतं?