पट्टीचा चढणारा तटावरून का पडतो?

पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मोहीम रचायची तर १७८० चा ऑगस्ट आयता हाताशी आहे. किल्ला महादजी शिंद्यांकडे होता आणि कंपनीच्या पॉपहॅमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून तो घेतला. आधी सुमारे १६ फुटांचा ताशीव कडा, मग ४० यार्डांची खडी चढण, शेवटी ३० फुटांचा तट. असे टप्पे दिसले की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, तीन रोल मागतो, म्हणजे तीनदा फासा टाकायला लावतो, आणि तिथेच गणित फसतं.

समजा चढणाऱ्याचा बोनस +७ आणि लक्ष्य १२: फाशाचा आकडा आणि बोनस मिळून १२ गाठले की जमलं. डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, शक्यता काढायची रीत सोपी आहे: २१ मध्ये बोनस मिळवा, लक्ष्य वजा करा, २० ने भागा. इथे १६ भागिले २०, म्हणजे ८०%. पण लागोपाठ तीनदा ८०% जमण्याची शक्यता ५१% वर येते. पात्र घडवताना ज्याने सगळे गुण चढण्यात घातले, त्याचं नशीब छापा-काट्यावर आणून ठेवलं. खेळाडू चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. म्हणून सबंध चढाईला एकच रोल घ्या. लक्ष्य चार किंवा कमी अंकांनी हुकलं तर माणूस चढणीवर अडकतो, वर पहारेकऱ्याची मशाल फिरताना दिसते. पाच किंवा जास्त अंकांनी हुकलं तरच दगड सुटतो आणि आवाज होतो.

चोरपावलांनी जायचं असेल तर हेच गणित आणखी छळतं. चौघांना प्रत्येकी ६५% शक्यता असली तरी चौघेही निसटण्याची शक्यता १८% च्या आत राहते. निम्म्यांना जमलं की सगळ्यांना जमलं, असा नियम लावा. तीच शक्यता ८७% होते. उलट ‘शिलालेख कोण वाचतो?’ असं विचारलं की पाचही जण ‘मीही टाकून बघतो’ म्हणतात. प्रत्येकाला ३०% शक्यता असली तरी कुणातरी एकाला जमण्याची शक्यता ८३% होते, आणि टोळीतल्या पंडिताचं काही मोलच उरत नाही. ज्याला ती विद्या येते त्यालाच फासा द्या.

आता फाशाची जात. डी२० वर प्रत्येक आकडा ५% चा, १ सुद्धा आणि १० सुद्धा. त्यामुळे +१ ची किंमत कुठेही ५ टक्के अंकच. तीन साध्या फाशांची बेरीज मधे दाटते. पच्चीसीच्या कवड्या आठवा: सहाच्या सहा उताण्या क्वचितच पडतात, दोन-तीन-चार पुन्हा पुन्हा. तीन फाशांवर ११ हवे असताना +१ मिळाला तर शक्यता ५०% वरून ६२.५% वर जाते. १७ हवे असतील तर तोच +१ जेमतेम २ वरून साडेचार टक्क्यांवर नेतो. म्हणजे तोच बोनस मध्यावर जड आणि टोकाला हलका.

कुस्तीत हा फरक नीट दिसतो. +५ चा मल्ल आणि +० चा नवखा. दोघांनी डी२० टाकला तर मल्ल ७०% वेळा जिंकतो, नवखा २६%, बाकी बरोबरी. दोघांनी तीन-तीन फासे टाकले तर मल्ल ८५%, नवखा जेमतेम १०%. माझं स्पष्ट मत: जिथे कसब दिसायला हवं तिथे तीन फासे, जिथे रणधुमाळीत काहीही होऊ शकतं तिथे डी२०.

डी२० काढून तीन फासे आणायचे तर तीन गोष्टी बदला. नैसर्गिक २० च्या, म्हणजे बोनसविना फाशावरच पडलेल्या २० च्या, जागी तीन फाशांवर १६ किंवा वर धरा. त्याची शक्यता ४.६%, जवळपास तितकीच. दोनदा टाकून मोठा घ्यायची सवलत असेल तिथे चार फासे टाकून सर्वात लहान काढा. आणि २० च्या वरची लक्ष्यं खाली आणा, कारण +५ च्या पात्राला २० गाठायची शक्यता ३०% वरून ९% वर घसरते. हे विसरलं की दोन-तीन बैठकांत सगळे ‘काहीच जमत नाही’ म्हणू लागतात.

बोनस फुगण्याचा दोष वेगळा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत प्रावीण्याचा बोनस +२ ते +६, त्यावर चपळाईसारख्या अंगच्या गुणाचा साधारण +५. विशेष प्रावीण्यामुळे +६ दुप्पट धरला की +१७. अशा चोराला १५ च्या कुलपासाठी फासा देऊच नका: १ पडला तरी १८ होतात. बरेच जण यावर कुलूप २५ चं करतात. मग +० च्या सोबत्याला २० पडूनही ते उघडत नाही, कारण २० म्हणजे हमखास यश हा नियम हल्ल्यापुरता आहे, कुलपाला नाही. कुलूप १५ चंच ठेवा आणि चोराला वेगळा प्रश्न घाला: गस्त वळून येण्याआधी उघडतं की नंतर? त्यासाठी फासा टाकायला लावा.