कपाटातले तीन महिने

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. देवळाच्या मागं दोन खोल्या, साडेचार हजारांच्या आसपास पुस्तकं. घरात कोकणी बोलणारी आणि वाचायला मराठी नेणारी आमची माणसं. गेल्या आठवड्यात टेक्सासमधल्या सुझेट बेकर यांच्याबद्दल वाचलं आणि २०१९ सालची ती गोष्ट पुन्हा वर आली. आजवर ती मी कुणालाच नीट सांगितलेली नाही.

आधी बेकरबाईंचं सांगते. लॅनो काउंटीतल्या एका छोट्या शाखेच्या त्या मुख्य ग्रंथपाल. काही पुस्तकं शेल्फवरून काढा, असं वरून सांगण्यात आलं. वंश, लैंगिकता अशा विषयांवरची ती पुस्तकं. बाईंनी नकार दिला आणि मार्च २०२२ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढं हार्डवेअरच्या दुकानात त्या गल्ल्यावर बसायच्या. खटला लढल्या आणि २०२५ मध्ये तडजोड होऊन त्यांना सव्वादोन लाख डॉलर मिळाले. वाचताना मला रकमेपेक्षा तो दुकानाचा गल्लाच जास्त दिसत राहिला. पुस्तकं हाताळलेल्या हातांना खिळे आणि स्क्रू मोजताना कसं वाटलं असेल?

आता माझं. एका बाईचं आत्मकथन. त्याचं नाव इथं लिहीत नाही, उगाच पुन्हा कुणाच्या डोळ्यावर यायला नको. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य ते घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. वाचनालयाच्या छपराची कौलं त्यांच्या पैशांनी आली आहेत, हेही सांगायला हवं. पुस्तकाच्या एका पानाचा कोपरा त्यांनी दुमडून ठेवला होता.

"बाय, हें पुस्तक काडून उडय."

"काका, सगळं वाचलंत?"

"वाचूंक कित्याक जाय? हें पान पळय." वाचायला कशाला हवं, हे पान बघ, असं त्यांचं म्हणणं.

पान मी वाचलं होतं. लग्नाच्या पहिल्या रात्रीबद्दल त्या बाईनं जे लिहिलंय ते बोचरं आहे, पण खोटं नाही. मी म्हटलं, आक्षेप असेल तर पूर्ण वाचून लेखी अर्ज द्या, समितीपुढं ठेवते. अर्ज कधीच आला नाही. त्याऐवजी गावात कुजबुज सुरू झाली, दोन पालक येऊन गेले आणि पदाधिकाऱ्यांपैकी एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाद नको. थोडे दिवस आत ठेवा, सगळं थंड होईल."

मी ठेवलं. लोखंडी कपाटात, जुन्या जमाखर्चाच्या वह्यांखाली. ठराव नाही, आदेश नाही, कुठं सही नाही. परिग्रहण नोंदवहीत, म्हणजे वाचनालयात आलेल्या पुस्तकांच्या वहीत, पुस्तक तसंच होतं, कार्डही आपल्या जागी होतं. आमच्याकडं बंदी अशी येते. होळी पेटत नाही, मोर्चा निघत नाही. एक भित्री बाई किल्ली फिरवते.

तीन महिन्यांनी बारावीतली एक मुलगी आली. "बाई, ते पुस्तक बाहेर गेलंय का?" मी "हो" म्हटलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कुठल्या मातीत बसून हे केलं, तेच डोक्यात फिरत राहिलं. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला १५५६ साली आणि पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं न्यायालय, १५६० साली. चार वर्षांचं अंतर. देशी भाषांतल्या पोथ्या शोधून शोधून जाळल्या गेल्या. १६८४ मध्ये तर कोकणी बोलण्यावरच फर्मान निघालं. १८३२ साली सुरू झालेलं पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय आज केळशीच्या कृष्णदास शामांच्या नावानं ओळखलं जातं. सोळाव्या शतकातला हा लेखक, आणि त्याच्या नावावरचं लेखन सापडलं कुठं, तर पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात, मिशनऱ्यांनी रोमन लिपीत उतरवून नेलेल्या प्रतींमध्ये. तिथल्या कुणा ग्रंथपालांनी न कळणाऱ्या भाषेतली ती चोपडी बाद केली नाहीत, म्हणून आपल्याला ती मिळाली. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण हे मराठी महाकाव्य १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, पुढं दोनदा पुन्हा छापलं, तरी त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही.

सकाळी पहिल्यांदा कपाट उघडलं. पुस्तकाच्या तारीखपत्रकावर शेवटचा शिक्का १४ जूनचा होता. त्याआधी ओळीनं शिक्के, दर पंधरा दिवसांनी एक, निळी शाई कधी गडद, कधी पुसट. १४ जूनच्या खाली कोरा कागद. दुपारी ती मुलगी आली तेव्हा मी तिथं नवा शिक्का मारला.

काकांना कळलंच. "कुणी नेलं? वही दाखव." इथं मात्र मी हटले नाही. कोण काय वाचतं ते वाचकाचं आणि वाचनालयाचं असतं, तिसऱ्याचं नाही. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात २००५ मध्ये चार ग्रंथपालांकडं एफबीआयनं वापरणाऱ्यांची माहिती मागितली, वर याची वाच्यता करायची नाही असं बंधन घातलं. ते चौघं कोर्टात गेले आणि २००६ मध्ये सरकारनं मागणी सोडून दिली. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तर आवाज इतका कापला नसता.

मग समितीची बैठक झाली. मी एकच मुद्दा धरला. पुस्तकावर बंदी घालायची तर राज्य सरकारला राजपत्रात कारणं द्यावी लागतात, आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ९८. सरकारलासुद्धा जे न लिहिता करता येत नाही, ते आपण कुजबुजीवर कसं करायचं? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये लिहून ठेवलंय, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्यात समितीच्या पसंतीची अट नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं की आक्षेप घेणाऱ्यानं पुस्तक पूर्ण वाचायचं, लेखी द्यायचं आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक शेल्फवरच राहील. अजून तोच नियम आहे.

(२०१७ मध्ये विष्णू सूर्या वाघ यांच्या 'सुदीरसूक्त' या कोकणी कवितासंग्रहावरून गोव्यात रान पेटलं होतं, पोलिसांत तक्रार गेली होती, तेव्हा आमची प्रत एकदाही जागेवर थांबली नव्हती. दोन वर्षांत मी ते कशी विसरले, याचं मला आजही वाईट वाटतं.)

काकांनी समिती सोडली. आमचं बोलणं तुटलं. चतुर्थीला त्यांच्या अंगणासमोरून जाते तेव्हा पाय जड होतात, कारण कौलं त्यांचीच आहेत आणि माणूस वाईट नाही. पुस्तकाला आता दुसरं तारीखपत्रक चिकटवलंय. त्या पानाची दुमड मी पुष्कळदा बोटांनी सरळ केली, पण जात नाही.

ती मुलगी आता नोकरीला लागली आहे आणि माझं इथलं लिखाण वाचते. तिला अजून सांगितलेलं नाही, म्हणून आज सांगते. बाय, त्या दिवशी ते पुस्तक बाहेर गेलं नव्हतं. माझ्या पाठीमागं, दोन हातांवर, कपाटात होतं, आणि किल्ली माझ्या कमरेला होती.