दोन बोटांची फट

गाडीचं पुढचं डावं चाक काढलं होतं. ब्रेकचे पॅड बघायचे होते, म्हणून भाचा अंगणात गाडीजवळ बसला होता आणि मी फोन आला म्हणून आत गेलो. वीसेक मिनिटं झाली असतील. बाहेरून त्याची हाक आली, "मामा, ठोकळा गाडीला टेकलाय."

मी बाहेर येऊन बघितलं आणि आधी त्याला बाजूला ओढलं. चाकाचा एक नट घरंगळत डिस्कच्या मागं गेला होता आणि तो काढायला हा पोरगा कोपरापर्यंत हात आत घालून बसला होता.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची एक सवय माझ्यात उतरली आहे. चाक काढलं की स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवायची, वर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि ठोकळा नि गाडी यांच्यात दोन बोटांची फट सोडायची. ते म्हणायचे, जॅक उचलायला असतो, धरायला नव्हे. त्या दिवशी ती फट उरली नव्हती. गाडी जॅकवरून हळूहळू उतरून ठोकळ्यावर येऊन बसली होती आणि ना आवाज झाला होता, ना झटका बसला होता. हीच गोष्ट मला अजून छळते. धाडकन पडली असती तर निदान कळलं तरी असतं.

जॅक कोरा होता. दोन टनांचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक, ऑनलाइन मागवलेला, आदल्याच दिवशी खोक्यातून काढलेला. माझी जुनी वॅगनआर सगळी मिळून एक टनाच्या आतली आणि एक चाक उचलताना तर तिचा थोडाच भाग जॅकवर येतो. म्हणजे क्षमतेच्या जवळपाससुद्धा वजन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नीट तपासायचं ठरवलं. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला, खाली दोन ठोकळे ठेवले आणि चाक न काढता गाडी उचलली. सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या, कडेला स्टीलची पट्टी उभी धरली. 31 सेंटीमीटर. फोनवर व्हिडिओ चालू ठेवला, फ्रेममध्ये मनगटी घड्याळही ठेवलं. वीस मिनिटांनी पट्टीवर 27.8 होते.

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "सर, एअर पकडली असेल, काढून घ्या." हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तेलात हवा राहिली की हँडल मऊ लागतं, पंप मारूनही जॅक नीट चढत नाही. म्हणून तेही केलं. वजन काढून जॅक उतरवायचा रिलीज व्हॉल्व्ह उघडा सोडला, हँडल पंधरा-वीस वेळा पूर्ण वर-खाली मारलं, रॅम (गाडी उचलणारा दांडा) पूर्ण खाली बसवून तेल भरायचं रबरी बूच काढलं. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत होतं, म्हणजे बरोबर. बूच लावलं, व्हॉल्व्ह घट्ट केला. (कमी असतं तर हायड्रॉलिक ऑइलच घातलं असतं. कुणी ब्रेक ऑइल घाला म्हणालं तर ऐकू नका, त्यानं जॅकमधले रबरी सील फुगतात.) पुन्हा गाडी उचलली. पुन्हा तेवढीच खाली आली. आणि येणारच होती, कारण हवेमुळं जॅक चढायला त्रास देतो. चढलेला जॅक वजनाखाली एकसारखा खचत जातो तेव्हा तेल कुठून तरी मागं पळत असतं.

कोल्हापुरात राहण्याचा फायदा म्हणजे उद्यमनगर, वर्कशॉपांची वसाहत. तिथल्या एका जुन्या फिटरकाकांकडं जॅक घेऊन गेलो. वॉरंटी जाईल म्हणून उघडू नका, असं सांगितलं. ते म्हणाले, उघडायची गरजच नाही. त्यांच्या दारातल्या जीपखाली लावला, पंप मारला आणि हँडल सोडून दिलं.

"हँडलाकडं बघा. ते आपोआप वर याय लागलं असतं तर पंपाच्या तोंडचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणायचं. ते तर जाग्यावर हाय." मग चिंधी घेऊन त्यांनी रॅमवरून आणि खालून पुसलं. चिंधी कोरडी. "तेल भाईर न्हाई. म्हंजे आतल्या आत टाकीत मागं चाललंय. रिलीजच्या छर्ऱ्याखाली लोखंडाचा कीस बसला असणार, न्हाईतर शीट, म्हंजे छर्ऱ्याची बैठक, नीट मारलेली न्हाई."

आत काय चालतं ते त्यांनी मला समजावलं. हँडल ज्याला ढकलतं तो पंपाचा दट्ट्या बारीक, गाडी उचलणारा रॅम जाड. दट्ट्या 10 मिलिमीटरचा आणि रॅम 30 चा असेल, तर क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट. पण गाडी वर थांबून राहते ती त्या जोरावर नाही. मागं जायची वाट एका छोट्या पोलादी छर्ऱ्यानं अडवलेली असते म्हणून. छर्रा आणि त्याची बैठक यांच्यात केसाएवढा कीस अडकला तरी वाट मोकळी. त्यांनी टेबलावरून एक सुटा छर्रा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. मी बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिलो. भाच्याचा हात त्याच्या भरवशावर होता.

काकांनी शंभर रुपयांत छर्रा-बैठक घासून देतो म्हटलं होतं. विक्रेत्यानंही त्याच संध्याकाळी सुचवलं, 600 रुपये परत करतो, जॅक ठेवून घ्या. दोन्हींना नाही म्हटलं. माझा जॅक दुरुस्त होईल, पण त्याच घाण्यातून निघालेले बाकीचे कुणाकुणाच्या अंगणात गेले असतील? तक्रार नोंदलीच गेली पाहिजे असं वाटलं. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांत तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असं आहे. तेवढं लिहून ईमेल केला. पोच आली नाही, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावला. त्यांनी तक्रार क्रमांक दिला. त्यानंतर चौथ्या दिवशी पूर्ण पैसे परत आणि जॅक न्यायला मुलगा दारात.

द्यायच्या आधी मी जॅकच्या अंगावरच पांढऱ्या पेंटनं लिहिलं होतं: भाराखाली खचतो, वापरू नये. खोकं बदललं जातं, म्हणून लोखंडावर. मुलानं ते वाचलं, लिहिलेला माल घ्यायचा की नाही म्हणून कुणाला तरी फोन केला, मग घेऊन गेला.

नवा जॅक गावातल्या दुकानातून घेतला. दुकानदारांना म्हटलं, पैसे देतो, पण आधी तुमच्या दारात माझी गाडी उचलून अर्धा तास ठेवायची. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. भाच्यानं स्टेपनी खाली सरकवली आणि पट्टी धरून बसला. 31 होते. अर्ध्या तासानंही 31.